सल्ला हवाय: लष्कराचा जुना निसान वन टन घेऊन दुरुस्त करायचाय, बजेट ४ लाख

रानमळा:
नमस्कार मंडळी. जुन्नर तालुक्यात आमची सात एकर आहे, निम्मी उताराला. पावसाळ्यात वरच्या तुकड्यापर्यंत पिकअप जात नाही, लाल चिखलात रुततो, ट्रॅक्टर जातो पण ट्रॉली लावली की उतरताना मागून ढकलते, गेल्या वर्षी बांधावर जाऊन टेकली. वडील एएससीत (लष्कराच्या रसद-वाहतूक विभागात) ड्रायव्हर होते, बरीच वर्षं निसान वन टनवर (एक टन भरतीचा लष्करी फोर बाय फोर ट्रक) होते, त्यामुळे लहानपणापासून घरात त्याच गाडीचं नाव ऐकलंय. आता एखादी लिलावातली किंवा कुणी आधी घेतलेली मिळाली तर घ्यायचा विचार आहे. चारा, कांद्याच्या गोण्या आणि उन्हाळ्यात पाण्याची हजार लिटरची टाकी वर न्यायची, तालुक्याला क्वचित. गाडी आणि दुरुस्ती धरून ४ लाखांत बसवायचंय, त्याच्या वर एक रुपया नाही. कुणी घेतलीय का? काय बघून घ्यावी?

जिप्सीप्रेमी:
डोळे झाकून आर्मी डिस्पोजलची जिप्सी घ्या. १२९८ सीसी, पार्ट कुठल्याही दुकानात मिळतात, कुठलाही मेकॅनिक उघडतो. माझी आठ वर्षं झाली, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्यापासून आंबोलीपर्यंत सगळीकडे नेली, एकदाही टो करून आणायची वेळ आली नाही. वन टन वगैरे म्हणजे पांढरा हत्ती.

रानमळा:
जिप्सीत हजार लिटर पाणी कसं नेऊ भाऊ?

कोल्हापुरी_जोंगा:
माझ्याकडे जोंगा (लष्कराची जुनी जीप) आहे म्हणून सांगतो, वन टनचं इंजिन आणि जोंगाचं इंजिन एकच, ३९५६ सीसी, सहा सिलिंडर, पेट्रोल. आवाज असा की गल्लीच्या टोकाला वळलो की घरात चहा टाकतात. पण ॲव्हरेज विचारू नका, रस्त्यावर ५, चढाला ४ पण देत नाही. मी गाडी घेतली साडेतीन लाखांना आणि आत्तापर्यंत वर ११ लाख घातलेत, रेडिएटर नवीन बनवून घेतला, गिअरबॉक्स दोनदा उघडला, सीट रेक्झिनऐवजी कॅनव्हासच्या करून घेतल्या. एकदा घेतली की बजेट वगैरे विसरायचं. ४ लाखांत तुमचं फक्त चेसिस साफ होईल.

भटक्या_७७:
जोंगा हे कुठल्यातरी प्राण्याचं नाव आहे ना?

कोल्हापुरी_जोंगा:
नाही हो. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली, त्याची आद्याक्षरं. मूळ गाडी निसानची पॅट्रोल, ते मॉडेलचं नाव आहे, इंधन नव्हे. बनायची जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत.

माजी_ईएमई:
रानमळा, वडिलांना माझा जयहिंद सांगा. मी २२ वर्षं ईएमईत (लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागात) होतो, वन टन आणि शक्तिमान दोन्ही हाताखालून गेल्यात. शक्तिमान ट्रक म्हणजे जर्मनीच्या एमएएन कंपनीचं लायसन्स, १९५९ पासून जबलपूरलाच बनायची, डिझेल, दणकट, पण तुमच्या बांधावर ती वळणारच नाही, तो नाद सोडा. वन टन शेताला बरोबर आहे. बघायला जाल तेव्हा रंग बघू नका, रंग कुणीही मारतो. हातोडी घेऊन जा, मागच्या क्रॉस मेंबरवर (चेसिसचा आडवा दांडा) आणि स्प्रिंगच्या पाट्या जिथे टांगतात त्या हँगरजवळ चेसिसवर हळू हळू मारत चला. टण्ण वाजलं तर पत्रा जिवंत, भद्द वाजलं तर आत गंज, तिथून परत फिरा. मग डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइल दुधाळ असेल तर पाणी आत गेलंय. फ्लायव्हील हाताने फिरतं का बघा, इंजिन जाम असलेली गाडी अजिबात घेऊ नका, स्वस्त दिसते पण महाग पडते. आणि पुढचा ॲक्सल खरंच ओढतो का ते चिखलात नेऊन बघा, लिव्हर पडला म्हणजे फोर बाय फोर लागला असं नसतं.

कागदपत्र:
इंजिन, चेसिस सगळं नंतर, आधी कागद. लष्कराच्या गाडीला आरटीओचं पासिंग नसतं, त्यांची नोंदणी त्यांचीच असते, बाणवाली नंबर प्लेट. ती गाडी विकली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० प्रमाणे तिला साध्या गाडीसारखी नवी नोंदणी करावी लागते. त्यासाठी फॉर्म २०, म्हणजे नोंदणीचा अर्ज, आणि सोबत लष्कराच्या अधिकाऱ्यांनी दिलेलं फॉर्म २१ मधलं मूळ सेल सर्टिफिकेट. मूळ म्हणजे मूळ, झेरॉक्स नाही. ते विकणाऱ्याकडे नसेल तर ती गाडी नाही, ते भंगार आहे, किलोवर घ्या. दुसऱ्या राज्यात आधीच पासिंग झालेली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी. आणि एक, २०२३ च्या एप्रिलपासून सरकारी गाडी १५ वर्षांच्या वर गेली की तिची नोंदणी रिन्यू होत नाही, ती सरळ स्क्रॅपिंगला जाते, संरक्षणाच्या खास गाड्या तेवढ्या वगळल्यात. म्हणून आज कुणी ताज्या लिलावातली जुनी गाडी रस्त्यासाठी म्हणून विकत असेल तर आपल्या आरटीओत स्वतः जाऊन विचारल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

जिप्सीप्रेमी:
म्हणूनच जिप्सी म्हणतोय, तयार आरसीच्या हव्या तेवढ्या फिरतायत.

घाटमाथा:
कागदपत्र यांचं शंभर टक्के खरं आहे, मी भोगलंय. उत्तरेकडच्या एका डीलरकडून फोटो बघून वन टन घेतली, पावणेतीन लाख एनईएफटी केले, ट्रेलरचे ६० हजार वेगळे. पासिंगला नेली तर साहेबांनी चेसिस नंबरवरचा रंग पॉलिश पेपरने घासायला लावला. पेन्सिलचा ट्रेस काढला आणि कागद उजेडात धरला. शेवटचे तीन आकडे बाकीच्यांपेक्षा खोल आणि किंचित तिरके, म्हणजे जुने घासून परत पंच केलेले. डीलरने फोन उचलणं बंद केलं. गाडी अडीच वर्षं माझ्याच शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे, विकता येत नाही, चालवता येत नाही, बायको रोज अंगणातून बघते आणि काही बोलत नाही, त्याचाच जास्त त्रास होतो. स्वतः जाऊन ट्रेस काढा, सेल सर्टिफिकेटशी एकेक आकडा जुळवा, मगच पैसे.

गॅरेजवाला:
सगळे घाबरवतायत पण काम अवघड नाही. पेट्रोल इंजिन काढून टाका, डिझेल बसवा. माझ्या गॅरेजला अशा तीन केल्यात, मजेत चालतात, ॲव्हरेज १० च्या पुढे.

कागदपत्र:
आणि आरसीवर इंधन पेट्रोल? कलम ५२ वाचा. कंपनीने दिलेल्या मूळ नोंदीत बदल चालत नाही, २०१९ ला सुप्रीम कोर्टाने पण तेच सांगितलंय. ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाले पहिल्यांदा हेच धरतील.

गॅरेजवाला:
खेड्यात कोण बघतंय.

कागदपत्र:
माणूस गाडीखाली आला की सगळे बघतात.

म्युनिकचा_मराठी:
इकडे जर्मनीत लष्कराच्या जुन्या गाड्या व्हेबेग नावाची सरकारी कंपनी विकते. बंद पाकिटासारखी एकच बोली द्यायची आणि वाट बघायची. मी तिथूनच युनिमॉग ४०४ (छोटा लष्करी ट्रक) घेतली, ती पण पेट्रोल सहा सिलिंडर. ३० वर्षांच्या वरची आणि मूळ स्थितीत असेल तर एच अक्षराची प्लेट मिळते, टॅक्स वर्षाला १९१.७३ युरो फिक्स. तुमच्याकडे असं काही नाही का?

कागदपत्र:
आहे, २०२१ चा व्हिंटेज नियम. पण गाडी ५० वर्षांच्या वरची आणि मूळ रूपात लागते, नवी नोंदणी २० हजार, आणि ती रोजच्या कामाला वापरता येत नाही. कांदे न्यायला उपयोग नाही. यांची गाडी मालवाहू म्हणून नोंदली तर भरलेलं वजन ३००० किलोच्या वर जातं, म्हणजे परमिट पण बघावं लागेल, फिटनेस तर मालवाहूला लागतंच.

मांडवीकाठ:
मी म्हापशाला असतो, आमच्याकडे एकाने पूर्ण ऑलिव्ह ग्रीन रंगवलीय, काय दिसते! रानमळा, रंग तोच ठेवा, पांढऱ्या गाडीत मजा नाही.

माजी_ईएमई:
तो रंग लावू नका. संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुणालाही ऑलिव्ह ग्रीन लावायला मनाई आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम १२१. आणि नियम नसता तरी नको. तो रंग अंगावर घालून माणसं कामाला जातात.

घाटमाथा:
माझी राखाडी केलीय. पासिंगच नाही, रंगाचं काय घेऊन बसलात.

भटक्या_७७:
मी सगळा धागा वाचला नाही पण जिप्सी बेस्ट. नाहीतर नवीन बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर लोनवर.

रानमळा:
लोन नको आहे. बजेट वर लिहिलंय. काका, टायरचं काय करायचं, मी फोनवर विचारलेल्या एका गाडीला जुनेच टायर आहेत म्हणतात.

माजी_ईएमई:
बरं झालं विचारलंत, हे सगळ्यात महत्त्वाचं. आधी बघा रिम कशी आहे. लॉक रिंगवाली असेल, म्हणजे रिमच्या कडेला वेगळी लोखंडी कडी बसवलेली, तर गावातल्या पंक्चरवाल्याकडे देऊ नका. कडी गंजून नीट बसली नसेल आणि हवा भरताना सुटली तर तोफगोळ्यासारखी येते. आमच्या युनिटमध्ये एका पोराचा हात गेलाय, मी तिथेच उभा होतो. हवा भरायच्या आधी चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवायचं, पिंजरा नसेल तर कडीची बाजू जमिनीकडे करून चाकावरून जाड साखळी गुंडाळायची, लांब पाइप लावायचा आणि माणूस बाजूला, समोर कधीच नाही. आणि टायरची नक्षी भरलेली दिसली तरी बाजूच्या भिंतीला बारीक चिरा असतील तर बदला, रबर वयाने मरतं.

गॅरेजवाला:
हे काकांचं बरोबर आहे. त्यात भर घालतो, ब्रेकचे होज पाइप बाहेरून चांगले दिसतात पण आतून फुगतात, पेडल सोडलं तरी चाक धरून ठेवतं. सगळेच नवीन टाका, सोबत मास्टर सिलिंडर आणि चाकातल्या सिलिंडरचे वायसर. पेट्रोलचा रबरी पाइप आणि पंपाचा पडदा पण बदला, हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही, मऊ होऊन जाळी चोंदते. टाकी खाली उतरवून मूठभर खडी आणि डिझेल घालून हलवा, किती गंज निघतो बघा. आणि पाण्याचं ऐका, हजार लिटर म्हणजेच हजार किलो, टाकीचं वजन वेगळं, वन टनची भरती तिथेच संपली. आणि अर्धी भरून उतारावर आडवी कधी नेऊ नका. आतलं पाणी एका बाजूला धावतं आणि गाडी घेऊन जातं. ५०० ची बंद टाकी भरून दोन फेऱ्या मारा.

रानमळा:
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ५०० चीच करतो.

कोल्हापुरी_जोंगा:
मग आता जिप्सीच घ्या की.

(तीन आठवड्यांनी)

रानमळा:
मंडळी, घेतली. सोलापूरकडच्या एका माणसाने वीस वर्षांपूर्वी लिलावातून घेऊन तेव्हाच पासिंग केलेली वन टन, इंजिन मूळ पेट्रोल आणि हो, जाम. काका, तुम्ही नको म्हणाला होतात, माहीत आहे. पण मूळ सेल सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं होतं, आरसी त्याच माणसाच्या नावावर, फक्त मुदत संपलीय, रिन्यू करायचं बाकी. आपल्या आरटीओत जाऊन आधी विचारून आलो. ट्रेस मी स्वतः काढला, सगळे आकडे जुळले, सगळे एकाच खोलीचे. हातोडी मारून चेसिस वाजवलं, डाव्या हँगरपाशी एक जागा सोडून सगळीकडे टण्ण. कागद स्वच्छ आणि इंजिन बिघडलेलं हे मला उलट्यापेक्षा परवडतं, घाटमाथांचा अनुभव वाचून तेवढं मनाशी पक्कं झालं होतं. २ लाख १० हजाराला सुटली, ट्रेलर १८ हजार. डिझेल बसवणार नाही. वर्षाला शेतात चालणार ती हजारभर किलोमीटर, ॲव्हरेज ४ दिलं तरी झेपेल.

वडील ७४ वर्षांचे आहेत. गाडी अंगणात उतरवल्यावर काही बोलले नाहीत, आधी चारी बाजूंनी फिरले, वाकून खाली तेल गळतंय का बघितलं, प्रत्येक चाकाच्या नटाला हात लावला आणि मग बॉनेट उघडायला सांगितलं. सहाही प्लग काढून भोकांत डिझेल आणि गिअर ऑइल निम्मं निम्मं ओतलंय, आठ दिवस झाले, रोज सकाळी ते पुलीच्या नटाला लांब पाना लावून बघतात. स्टार्टरला हात लावू देत नाहीत.

माजी_ईएमई:
त्याला फर्स्ट परेड म्हणतात, गाडीभोवती फिरायला. अंगातून जात नाही ते. नको म्हटलं होतं पण कागद असे असतील तर मी पण हेच केलं असतं. गिअर ऑइल जाड पडतं, रिंगपर्यंत लवकर उतरत नाही, पॉवर स्टीअरिंगचं लाल ऑइल वापरा. जोर एकाच दिशेने लावू नका, पुढे मागे, थोडं थोडं. आणि फिरलं म्हणून लगेच चालू करू नका, चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) खोलून खालचा गाळ काढा आधी.

जिप्सीप्रेमी:
अभिनंदन. फोटो टाका.

रानमळा:
लाल ऑइल घातलं. आज सकाळी पाव फेरा फिरलं, वडिलांनी मला हाक मारून परत फिरवून दाखवलं. आता हेड उघडावंच लागणार. हेड गॅस्केट कुठे मिळेल?

कोल्हापुरी_जोंगा:
जबलपूरला जोंगाचं म्हणून मागा, तेच बसतं. माझ्याकडे एक जास्तीचं पडून आहे, पत्ता मेसेज करा, पाठवतो.