‘सॅलरी डंप’ला मराठीत काय म्हणाल?

परदेशस्थ पडवळ
मंडळी, अडलंय. जुलै संपत आला की इकडे अमेरिकेत बेसबॉल संघांची खेळाडू अदलाबदलीची धांदल उडते. एका मराठी संकेतस्थळासाठी मी दरवर्षी त्यावर एक लेख पाडतो. या वेळी २०१२ सालच्या सौद्यावर लिहिलं. बॉस्टनच्या रेड सॉक्सनी एड्रियन गोन्झालेझ, कार्ल क्रॉफर्ड, जॉश बेकेट आणि निक पुंटो असे चौघे एका फटक्यात लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना देऊन टाकले. चौघांचं मिळून २५ कोटी डॉलरहून जास्त देणं बाकी होतं, ते जवळजवळ सगळं डॉजर्सनी उचललं. क्रॉफर्डच्या कोपरावर तर दोनच दिवसांपूर्वी शस्त्रक्रिया झालेली! बदल्यात जेम्स लोनी आणि चार होतकरू पोरं आली, पण बॉस्टनला त्यांची असोशी नव्हती. पगार घालवायचे होते. याला इकडे ‘सॅलरी डंप’ म्हणतात.

मी तसंच लिहिलं होतं. संपादकांनी त्याचं ‘वेतनत्याग’ केलं. लेख आल्यावर बाबांचा पुण्याहून फोन: “काय रे, तुमच्याकडचे खेळाडू पगारावर पाणी सोडतात? इथे कुणी भत्ता सोडत नाही.” दुरुस्ती गुरुवारपर्यंत पाठवायची आहे. शब्द सुचवा.

उपटसुंभ
वेतनकपात.

परदेशस्थ पडवळ
नाही हो, कपात कुणाचीच नाही. बेसबॉलचा करार हमीचा असतो. खेळाडू दुखापतीने घरी बसो की त्याची बॅट रुसो, ठरलेला डॉलर न् डॉलर मिळतोच. क्रॉफर्डचा सात वर्षांचा १४.२ कोटींचा करार बॉस्टनहून लॉस एंजेलिसला गेला तो जसाच्या तसा. चेकवर सही कुणाची, एवढंच बदललं.

खडूस मास्तर
वेतनभार-निष्कासन. हसण्याआधी ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ आठवा. त्यांनाही लोक हसलेच होते.

तिसरी घंटा
मास्तर, ‘महापौर’ एका दमात म्हणता येतं. तुमच्या शब्दाला मध्ये पाणी प्यावं लागेल. डंपिंग ग्राउंडला पेपरवाले इतकी वर्षं ‘कचराभूमी’ लिहितायत. देवनारला राहणाऱ्या कुणालाही विचारा कुठे राहता म्हणून. “कचराभूमीच्या पाठीमागे” असं सांगणारा एक जरी भेटला तर मी माझं नाव बदलीन. सगळे “डंपिंगच्या मागे” म्हणतात. सॅलरी डंपच राहू द्या.

खडूस मास्तर
षटक, धाव, झेल, यष्टिरक्षक. हे आकाशातून पडले का? बाळ ज. पंडित रेडिओवर ते न लाजता म्हणत राहिले म्हणून रुळले. त्यांनीही ‘ओव्हरच राहू द्या’ म्हटलं असतं तर?

तिसरी घंटा
गल्लीतली पोरं अजूनही ‘ओव्हर’च म्हणतात.

बाजारचा वार
शब्द घडवायची गरजच नाही, आमच्या सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात तयार आहे. लोढणं. ओढाळ जनावराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात. पळायला लागलं की तो पुढच्या पायांवर आपटतो, मग ते गपगुमान चालतं. बॉस्टनने गळ्यातलं लोढणं काढलं. झालं भाषांतर.

बाकीचं पण घ्या, फुकट आहे. होतकरू पोरं म्हणजे खोंड. पडवळसाहेब म्हणतात तो जुलैअखेर, सौद्यांची मुदत संपायचा दिवस, म्हणजे उठता बाजार. सकाळी ज्या बैलाला हात लावू देत नव्हते, तो दिवस कलल्यावर “न्या बाबा, वैरण तरी वाचंल” म्हणून देतात. बैल जुळलेला असला, म्हणजे सगळे दात आलेला, की गिऱ्हाईक तोंड उघडून बघतं आणि मान हलवतं. आणि भाव तोंडाने सांगत नाहीत. वडील हेड्याच्या, म्हणजे दलालाच्या, हातात हात द्यायचे, वर टॉवेल टाकायचे, आत बोटं दाबून आकडा. चेहरा दोघांचाही कोरा. मी शेजारी उभा राहून कधीच ओळखू शकलो नाही. तुमच्या अमेरिकेतल्या अफवा ऐकून तेच आठवतं, टॉवेलाखाली काय चाललंय ते बाहेरचे सगळे सांगत सुटतात.

खडूस मास्तर
चित्र सुंदर, शब्द चुकला. लोढणं जनावराच्या गळ्यात असतं आणि मालक ते मुद्दाम बांधतो. इथे लोढणं कोण? खेळाडू. मग जनावर कोण? संघ. आणि ते बांधलं कुणी?

बाजारचा वार
संघानंच. कराराखाली सही त्याचीच की. गोन्झालेझला कुणी बळजबरीनं दिला होता काय?

खडूस मास्तर
...हे मान्य.

अर्धा कप
कुणाला खटकत नाहीये का? दात बघणं, वैरण, खोंड. माणसं आहेत ती. १९६९ साली कर्ट फ्लड या खेळाडूला सेंट लुईसने फिलाडेल्फियाला देऊन टाकलं, तेव्हा त्याने बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहून नेमकं हेच सांगितलं, की मी खरेदीविक्रीचा माल नाही. सर्वोच्च न्यायालयात १९७२ला ५ विरुद्ध ३ मतांनी हरला, कारकीर्द गेली. पण पुढच्याच वर्षी खेळाडूंच्या संघटनेने एक हक्क मिळवला: लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढली असतील, तर खेळाडू सौद्याला नाही म्हणू शकतो. ‘नाही’ म्हणणारा बैल दाखवा.

आणि २९ जुलै २०१५ची ती रात्र बघाच. न्यू यॉर्क मेट्सचा विल्मर फ्लोरेस. सोळाव्या वर्षापासून याच संघात. सामना चालू असतानाच त्याचा सौदा झाल्याची बातमी फुटली. प्रेक्षकांच्या फोनवर आधी आली आणि त्याला त्यांच्याकडूनच कळली. तरी तो शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या आपल्या, जागेवर जाऊन उभा राहिला आणि बाहीने डोळे पुसत राहिला. सौदा शेवटी फिसकटला. दोन दिवसांनी त्याच मैदानावर बाराव्या डावात होमरन मारून त्याने सामना जिंकून दिला, आणि धाव पुरी करायला ‘होम’कडे धावत येताना छातीवरचं संघाचं नाव मुठीत धरून हलवलं. याला लोढणं म्हणाल?

बाजारचा वार
ताई, बैल विकताना माझा बाप पण रडलाय. जनावराचा शब्द वापरला म्हणजे किंमत कमी केली असं आमच्याकडं नसतं. पण तुमचं पोचलं.

आंदण
माझं नावच या धाग्यासाठी ठेवलंय बहुतेक. नको असलेल्या खेळाडूबरोबर संघ रोख पैसेही देतात, त्याला शब्द काय? आंदण! लेक सासरी निघाली की बरोबर भांडीकुंडी, गाय. २०२५ला मिनेसोटाने कार्लोस कोरेयाला ह्यूस्टनला पाठवलं, बरोबर ३.३ कोटी डॉलर आंदण. आणि त्याची सुरुवात ह्यूस्टनचीच, म्हणजे लेक माहेरी निघाली आणि आंदणही माहेरी. शिवाय त्याच्या करारात नकाराचं कलम होतं, त्याने होकार दिला म्हणून जमलं. तेव्हा ‘सॅलरी डंप’ म्हणजे ‘उजवणे’.

अर्धा कप
आधी बैल, आता मुली. प्रगती आहे.

आंदण
सॉरी. ‘उजवणे’ परत घेते. आंदण मात्र ठेवते, मी स्वतः आणलंय, पितळी घंगाळ, कुठेच मावत नाही.

तिसरी घंटा
आंदण नाही, हुंडा म्हणा. स्वखुशीचं नसतं ते.

परदेशस्थ पडवळ
इथे एक मेख आहे. २०२३ला मेट्सनी मॅक्स शर्झरला टेक्सासला आणि जस्टिन व्हरलँडरला ह्यूस्टनला दिलं. दोघांचा पगार वर्षाला प्रत्येकी ४.३३ कोटी. पण मेट्सनी पगार टाळला नाही, उलट शर्झरबरोबर सुमारे ३.५ कोटी डॉलर दिले. का? तर टेक्सासकडून लुईसांहेल अकुन्या हा चांगला तरुण खेळाडू मिळावा म्हणून. म्हणजे पैसे देऊन खोंड घेतला. हा डंप नव्हेच. (टेक्सास त्याच वर्षी विजेता झाला, ते वेगळं.) त्यामुळे जो शब्द घेऊ तो बॉस्टनला लागला पाहिजे आणि मेट्सना लागता कामा नये.

वानखेडे पश्चिम
आपल्याकडेही झालंय की, आयपीएलमध्ये. नोव्हेंबर २०२३. मुंबईने गुजरातकडून हार्दिकला १५ कोटीला आणलं आणि तिजोरीत जागा करायला कॅमेरून ग्रीनला १७.५ कोटीसकट बंगळुरूला दिलं, बदल्यात खेळाडू नाही, निव्वळ पैसा. आमच्या ग्रुपवर एकाने लिहिलं होतं, “ग्रीन खपवला.” खपवणे! चार अक्षरं, मास्तर.

खडूस मास्तर
खपवणे, माथी मारणे, गळ्यात बांधणे या सगळ्यांत घेणारा फसतो. ग्रीन चांगला खेळाडू होता, बंगळुरू फसलं नाही. डॉजर्सही फसले नव्हते. त्यांना गोन्झालेझ हवाच होता, म्हणून बाकीचे तिघे त्यांनी डोळे उघडे ठेवून घेतले. ‘माथी मारणे’ लिहिलंत तर अर्थाचा अनर्थ.

कावळ्याची शाळा
‘साटंलोटं’ कुणी कसं म्हटलं नाही? अदलाबदलीचा खरा मराठी शब्द तो.

तिसरी घंटा
साटंलोटं म्हणजे ठेकेदार आणि अधिकारी मिळून खातात ते.

कावळ्याची शाळा
ते पेपरवाल्यांचं. माझ्या आजीच्या तोंडी साटंलोटं म्हणजे लग्न: तुमची मुलगी आमच्या घरात, आमची तुमच्या घरात, देणंघेणं फिटंफाट. माझी आत्या आणि मामी अशाच आल्या-गेल्या. ‘साटं’ म्हणजे बदला, मोबदला. आणि माझं तर ठाम मत आहे की आपला रोजचा ‘साठी’ही त्यातलाच. ‘तुझ्यासाठी’ म्हणजे मुळात ‘तुझ्या बदल्यात’. विचार करा, ‘लोनीसाठी गोन्झालेझ दिला’. दोन्ही अर्थ बसतात की नाही?

खडूस मास्तर
उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही. अशाने साठीशांतही त्यातच घालाल.

कावळ्याची शाळा
जुन्या मराठीत ‘साटीं’ हे ‘बदल्यात’ या अर्थाने येतं, मास्तर. मी कॉलेजात शिकलेय.

खडूस मास्तर
मी कॉलेजात शिकवलंय.

आंदण
🍿

माजी तलाठी
सर्वांस नमस्कार. तीस वर्षे सातबारा लिहिला, म्हणून धाडस करतो. आपल्याला हवा तो शब्द ‘बोजा’. सोसायटीचे वा बँकेचे कर्ज काढले की सातबाऱ्यावर, इतर हक्कांत, बोजा चढतो. जमीन विकली म्हणून बोजा उडत नाही, तो जमिनीबरोबर जातो. घेणारा तो बघूनच भाव ठरवतो. बोजासह खरेदी घेतली, तर कर्ज जमीन घेणाऱ्याने फेडायचे. श्री. पडवळ यांनी सांगितलेला क्रॉफर्डचा करार हुबेहूब तोच: माणूस गेला, बोजा त्याच्याबरोबर गेला. मेट्सनी शर्झरसोबत पैसे दिले, म्हणजे विकणाऱ्याने बोजा अंशतः फेडून जमीन दिली. तेव्हा तिथे ‘बोजा उतरवला’ म्हणता येणार नाही. दोन्ही प्रकरणे वेगळी राहतात.

परदेशस्थ पडवळ
तलाठी काका, दंडवत. 🙏

खडूस मास्तर
अर्थाने चोख. परंतु ‘बोजा’ हा महसुली दफ्तरातला, परकीय वळणाचा. ‘ओझे’ घ्यावे.

माजी तलाठी
ओझे आणि बोजा सख्खे चुलत आहेत, सर, दोघेही ‘वाहणे’तूनच आले असे आमचे एक तहसीलदार सांगत. परंतु ओझे हमाल उतरवतो. बोजा फेडावा लागतो.

अर्धा कप
हा मला चालतो. यात करार ओझं आहे, माणूस नाही.

तिसरी घंटा
पण मग माणूस जमीन झाला ना?

अर्धा कप
...थांबा, विचार करते.

उपटसुंभ
डेडलाईनला लेखात काय घातलंय?

परदेशस्थ पडवळ
‘अंतिम मुदत’.

खडूस मास्तर
मुदत ही अंतिमच असते. द्विरुक्ती.

वानखेडे पश्चिम
काही मुदती वाढवून मिळतात, मास्तर. कर भरलायत ना कधी?

परदेशस्थ पडवळ
गंमत म्हणजे २०१२चा हा सौदा २५ ऑगस्टचा. ३१ जुलैची मुदत उलटून पंचवीस दिवस झालेले! तेव्हा ऑगस्टमध्येही एक चोरवाट होती: खेळाडूचं नाव आधी इतर संघांपुढे फिरवायचं, मग सौदा करायचा. २०१९पासून ती बंद झाली. म्हणजे मास्तरांचं व्याकरण २०१९पासून लागू.

बाजारचा वार
बाजार उठल्यावर रस्त्यात होणारा सौदा. ते पण आहे आमच्याकडं.

वानखेडे पश्चिम
अवांतर: पण पगार एवढा टाळायचाच का? तिकडे आयपीएलसारखी मर्यादा आहे?

परदेशस्थ पडवळ
कडक मर्यादा नाही. पण ठरावीक आकडा ओलांडला की वरच्या रकमेवर कर बसतो, २०२५ला तो आकडा २४.१ कोटी डॉलर होता. सगळ्यात नामी युक्ती मेट्सची. बॉबी बोनिया या खेळाडूचे २००० सालचे ५९ लाख डॉलर द्यायचे होते. ते तेव्हा न देता ८ टक्के व्याज लावून पुढे ढकलले. २०११ ते २०३५, दर १ जुलैला त्याला ११,९३,२४८ डॉलर मिळतात. वयाच्या बहात्तरीपर्यंत.

खडूस मास्तर
याला मराठीत उत्तम शब्द आहे! वर्षासन. पेशवाईतलं. न घडवलेला, न उसना घेतलेला.

माजी तलाठी
क्षमा करा. वर्षासन हे दान, इनाम. व्याज लावलेली देणी म्हणजे हप्ता.

तिसरी घंटा
हप्ता म्हटलं की आमच्याकडे नाक्यावरचा हवालदार दिसतो.

कावळ्याची शाळा
शिवाय हप्ता म्हणजे मुळात आठवडा. फारसी ‘हफ्त’, सात. वर्षातून एकदा मिळणाऱ्याला हप्ता कसं म्हणणार?

वानखेडे पश्चिम
घराचा हप्ता महिन्याला जातो, त्याला काय म्हणता मग?

परदेशस्थ पडवळ
मंडळी, ‘पगाराचा बोजा उतरवला’ असं पाठवलं. संपादकांचं उत्तर आलं: बोजा बोजड वाटतो, ‘वेतनभारमुक्ती’ करतो.

खडूस मास्तर
माझा निम्मा शब्द घेतला की त्यांनी.

कावळ्याची शाळा
ते राहू द्या. सप्ताह आणि हप्ता हे भाऊ आहेत, हे तरी मान्य कराल का, मास्तर?