सांडपाण्यातून शिसं, पारा शोधावा का? आपल्या कोकणात जमेल?

खाडीकाठ
गेल्या मे महिन्यात चुलत्यांकडे गेलो होतो. मागीलदारी चूल पेटवून ते पागाला, म्हणजे हाताने फेकायच्या मासे धरायच्या जाळ्याला, लावायच्या गोळ्या ओतत होते. जुन्या कढईत शिसं वितळलेलं, वर राखाडी साय धरलेली. ती पळीने काढून शेजारच्या मातीत टाकायची आणि खालचं चकचकीत शिसं साच्यात. पाच वर्षांचा नातू मातीतले थिजलेले थेंब वेचून डबीत भरत होता. कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही, तेव्हा मलाही नाही. घरी येऊन वाचायला बसलो आणि झोप उडाली. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेच्या २०२० च्या अहवालात भारतातल्या २७ कोटी ५० लाख मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं असल्याचा अंदाज आहे.

मुंबईत पोलिओचा विषाणू २००१ पासून गटाराच्या पाण्यात शोधतात. कोविडचाही तसाच शोधला. मग शिसं, पारा, कॅडमियम, आर्सेनिक का नको? घरोघर सुया न टोचता कुठल्या वाडीत लक्ष द्यायला हवं ते कळेल. माझं ठाम मत आहे की हे सुरू व्हायला हवं.

क्षारपड
तळमळ समजते, पण सहमत नाही. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. विषाणू गटारात येतो तो माणसाच्या पोटातून. शिसं येतं जुन्या नळातून, गॅरेजमधून, बॅटरीवाल्याकडून, रंग धुतल्यावर. पारा दाताच्या दवाखान्यातल्या चांदीतूनही येतो. शिवाय मोठ्या माणसाच्या अंगातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत साठतं आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतं. लघवीतून येतं ते किरकोळ, एखादा गंजका सांधा ते सहज झाकून टाकेल.

आणि आर्सेनिकचं तर विचारूच नका. कोळंबी, माकूल, मासे यांत आर्सेनोबेटाइन नावाचा आर्सेनिकचा प्रकार भरपूर असतो. तो अपायकारक नाही, दोन-तीन दिवसांत लघवीवाटे जातो. म्हणून तर लघवीची तपासणी करण्याआधी मासे बंद ठेवायला सांगतात. नुसतं एकूण आर्सेनिक मोजलंत तर रत्नागिरी ते वेंगुर्ले सगळा किनारा विषारी दिसेल!

खाडीकाठ
आर्सेनिकचे प्रकार वेगळे करून मोजता येतात, महाग पडतं एवढंच. ते पहिल्या फेरीत वगळू. पण नळाबद्दल तुमचं पटत नाही. नळातून शिसं येत असेल तर तेही आमच्याच पोटात जातंय ना? त्याच दिवशी, त्याच घरच्या नळाचं पाणी भरून घ्यायचं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ही आपल्या मानकाची मर्यादा आहे. नळ कुठे आणि गटार कुठे, हे शेजारीशेजारी ठेवलं की बरंच उलगडेल.

टोपलीवाली
माजी आवस तीस वर्सा मासळी बाजारात बसता. एकदा पेपरात गावाचा नाव इला की तिची इसवण कोण घेतलो? कारखान्याचा पाणी खाडयेत जाता तेचा काय ता आधी बघा. आमच्या संडासात कित्याक वाकतास?

खाडीकाठ
ताई, राग रास्त आहे. लोट्याची कारखान्यांची वसाहत आणि दाभोळची खाडी हे दुखणं इथं प्रत्येकाला माहीत आहे. कारखान्याच्या तोंडाशी तपासणी हवीच, ती सोडा असं मी म्हणत नाही. पण जपानमधल्या मिनामाताचं आठवा. १९५६ साली तिथला आजार अधिकृतपणे नोंदला गेला, पारा कारखान्याचा होता आणि सगळ्यात आधी, सगळ्यात जास्त भोगलं ते रोज मासे खाणाऱ्या कोळ्यांच्या घरांनी. तुमच्या आईच्या ताटात काय येतं ते तिला आधी कळायला नको?

परिचारिका, राजापूर
मी दोघांच्या मध्ये आहे. पैसे थोडे असतील तर ते आधी मुलांच्या रक्ताला द्या, बोटातल्या थेंबावरही प्राथमिक तपासणी होते. पण खरं सांगते, गोवराच्या सुईला पोर आणणारी आई "धातू बघायचाय" म्हटल्यावर पोराला पदराआड घेते. रक्त कुठल्या वाडीतून सुरू करायचं हेच आम्हाला ठाऊक नसतं. तेवढं कोणी सांगितलं तरी माझं निम्मं काम हलकं होईल.

दुसरं, गिळलेलं शिसं सगळं अंगी लागत नाही. मोठ्यांत साधारण दहावा हिस्सा शोषला जातो, लहानांत निम्म्यापर्यंत. उरलेलं शौचावाटे जातं. म्हणजे क्षारपड म्हणतात तसं लघवीवरच सगळं अवलंबून नाही.

क्षारपड
हा मुद्दा माझ्याकडून सुटला, मान्य. पण मूळ अडचण राहतेच. गटार आहे कुठे? बहुतेक गावांत सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. मुंबईसारखी बाटली बुडवायला भुयारी गटार हवं. शहरात उघड्या गटारात पावसाळ्यात तर पाऊसच मोजाल.

खाडीकाठ
नेमकं इथंच मला आशा वाटते! आपल्याकडे आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी कुठे जातं? परसातल्या माडाला, केळीला, अळवाला. टाकीत जातं फक्त संडासाचं. शहराच्या गटारात गॅरेज, दवाखाना, रस्ता सगळं मिसळतं. आपली टाकी माणसाच्या पोटाच्या त्याहून कितीतरी जवळ आहे. आत हवा नसते, तिथे सल्फाइड होतं आणि शिसं, कॅडमियम, पारा त्याला धरून तळाच्या गाळात बसतात. तीन-चार वर्षांनी मैला उपसणारी गाडी येते तेव्हा तो सगळा साठा एकदम बाहेर निघतो. पाणी सोडा, गाळ घ्या. तोही गाडीतून, पाच-सहा घरांचा एकत्र, म्हणजे कोणाचं घर उघडं पडत नाही.

क्षारपड
गाळ... हो, यावर विचार करता येईल. कोरड्या गाळाच्या किलोमागे मोजायचं, म्हणजे पाण्याच्या कमीजास्तीचा प्रश्न राहत नाही. मात्र चार वर्षांचा साठा यंदाचं काही सांगणार नाही हे लक्षात ठेवा. बाटल्या आम्लाने धुतलेल्या हव्यात, गाडीच्या पाइपातून काय येतं तेही बघावं लागेल, आणि जिथं कोणी शिसं ओतत नाही, मासेमारी नाही, असं घाटाखालचं एखादं गाव तुलनेला हवंच. तुलना नसेल तर मी आकड्यावर सही करणार नाही.

परिचारिका, राजापूर
आणि आकडा जास्त आला तर त्या वाडीत रक्ताची सोय आधी ठरवून मगच गाळ उपसा. नुसतं सांगून निघून जाणं मला जमणार नाही.

टोपलीवाली
पागाच्या गोळ्ये माजो भाव पण घराकडेच ओतता, ता ह्या वाचून ध्यानात इला. आमची टाकी ह्या वर्सा उपसूची हा. घेवा गाळ. पण कागदार गावाचा नाव नको.