मदत हवी आहे: नववीच्या मुलांच्या उद्योगात शिक्षकाने कुठवर बोलायचं?

नमस्कार मंडळी,

जुन्नर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवतो. यंदा नववीसाठी शनिवारचे शेवटचे दोन तास मला मागून मिळाले. मुलांनी हाताने काहीतरी करावं, ते विकावं, हिशोब ठेवावा, आणि त्यातून जबाबदारी घ्यायला शिकावं, एवढी इच्छा होती.

कल्पना माझी नाही. पाबळचा विज्ञान आश्रम पाहून आलो होतो. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली सुरू केलेलं काम. शाळेतली मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, रोपवाटिका, खाद्यपदार्थ असं शिकतात आणि गावातल्या लोकांची खरी कामं अंगावर घेतात. गिऱ्हाईक खरं असल्यामुळे झालेली चूकही खरी असते. तेच मनात घेऊन परत आलो.

संक्रांतीच्या आधी मुलांनी शेंगदाण्याची चिक्की करायचं ठरवलं. चार किलो दाणे ५६० रुपयांचे, तीन किलो गूळ १८० चा. शंभर ग्रॅमची पाकिटं, दर पंधरा रुपये. बासष्ट पाकिटं झाली, सगळी खपली, ९३० रुपये जमले. १९० रुपये फायदा म्हणून वर्गात टाळ्या पडल्या. मग हिशोबाची वही सांभाळणाऱ्या मुलीने हळूच विचारलं, "सर, तुपाचे सत्तर कुठे लिहू?" पिशव्या आणि लेबलं साठची, गॅस अंदाजे ऐंशीचा. बेरीज केली तर वीस रुपये तोटा, आणि पोरांची मजुरी शून्य धरून! नफा-तोट्याचं प्रकरण मी इतकी वर्षं फळ्यावर शिकवलेलं पाहिलंय, पण त्या दिवशी पस्तीस मुलं वहीवर जशी वाकली होती तशी कधी पाहिली नाहीत.

हे झालं चांगलं. माझी अडचण वेगळीच आहे.

विक्रीच्या आदल्या दिवशी पहिल्या घाण्याचा पाक कच्चा राहिला. वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकून तो कडक होतो का हे बघायचं ठरलं होतं, घाईत कुणी बघितलं नाही. चिक्की दाताला चिकटायला लागली. गटप्रमुख म्हणाला, "भरा पाकिटात, कुणाला कळतंय." मुलगा हुशार आहे, घरी किराणा दुकान, दाण्याचा भाव त्यानेच पाडून आणला होता. सगळे भरायला लागले. तेवढ्यात कोपऱ्यात वड्या पाडणारी एक मुलगी, जी वर्षभरात आपण होऊन एकदाही बोलली नव्हती, सुरी खाली ठेवून म्हणाली, "असली चिक्की मी नाही विकणार. माझी आजी घेणारे त्यातली."

दोघं समोरासमोर. बाकीचे गप्प. आणि मी मध्ये पडलो. "पुन्हा कढईत घाला, पाक नीट करा," म्हणून मोकळा झालो. चिक्की सुधारली, पण ती मुलगी परत मान खाली घालून वड्या पाडायला लागली. तिने जे उभं केलं होतं ते मी माझ्या हातात घेतलं. दोन आठवडे तेच डोक्यात आहे.

तर विचारायचं ते असं. अशा वेळी तुम्ही किती थांबता? भाजण्या-कापण्याचा धोका असेल तर बोलायलाच हवं, पण माल बिघडतोय, पैसे बुडताहेत, तिथे? दुसरं, प्रमुख दर वेळी तोच होतो, मुलंच त्याला निवडतात. मी बदलला तर तो माझा निर्णय ठरतो. शिवाय मुलगे बाजारात आणि मुली चुलीपाशी, हे मी न सांगता आपोआप झालं.

पालकसभेत एक गृहस्थ म्हणाले, "पोराला शिकायला पाठवतो, चिक्क्या विकायला नाही." त्यांना मी रयतच्या 'कमवा व शिका'ची आठवण करून दिली, पण त्यांचं समाधान झालं नाही. त्यांना काय दाखवावं?

प्रतिसाद

सर, मी शिक्षिका नाही. बारा वर्षं गावातल्या बचत गटाचं दप्तर लिहिते. आमच्याकडे पंचसूत्री असते: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, वेळेत परतफेड, हिशोब लेखन. यातली बैठक तुमच्याकडे दिसत नाही. पोरांची भांडणं कढईपाशी होतात कारण बोलायला दुसरी जागा नाही. काम सुरू करायच्या आधी दहा मिनिटं गोल बसवा, काय ठरलं ते वहीत लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. "पाक तपासल्याशिवाय घाणा ओतायचा नाही" हे आधी लिहिलेलं असतं तर त्या मुलीला एकटीला उभं राहावं लागलं नसतं.

अध्यक्ष आम्हीही बदलतो, पण मुदत पहिल्याच बैठकीत ठरते, म्हणून कुणाला अपमान वाटत नाही. आणि भांडवल फुकट देऊ नका. उसने द्या, तारीख घालून परत घ्या. त्या पालकांना ती वहीच वाचायला द्या, पोराच्या अक्षरातली.

धागाकर्ता

ताई, मनापासून आभार. बैठकीचं मला सुचलंच नव्हतं. येत्या शनिवारी सुरू करतो. प्रमुखाची मुदत एका मालापुरती ठेवायची आणि खरेदीला दर वेळी एक मुलगा, एक मुलगी जायचं, हे मी मांडेन, ठरवतील मुलं. त्या मुलीशीही बोललो. "त्या दिवशी तुझं बरोबर होतं, मी तुला बोलू द्यायला हवं होतं," एवढंच. ती म्हणाली, "सर, पुढच्या वेळी पाक मी बघते."

भांडवलाबद्दल एक शंका आहे: तोटा झाला तर परतफेड मुलांकडून घ्यायची, की पुढच्या मालातून वळती करायची? ज्यांनी शाळेत केलंय त्यांनी कृपया सांगा. पुढचा माल उन्हाळी भाजीच्या रोपांचा आहे, ट्रे भरायला आठवडाच उरलाय.