मर्चंट नेव्हीच्या स्पॉन्सरशिप इंटरव्ह्यूची तयारी कशी करू? वडील केळी पिकवतात

केळीचा_मळा:
नमस्कार. मी सावद्याजवळच्या गावातला. बारावीला पीसीएममध्ये ७१ टक्के, आयएमयू सीईटी (इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा) दिली आहे. डीएनएस, म्हणजे डेक ऑफिसर (जहाज चालवणारा अधिकारी) होण्याचा एक वर्षाचा डिप्लोमा, करायचाय. त्यासाठी स्पॉन्सरशिप, म्हणजे कोर्सनंतर जहाजावर ट्रेनिंगला घेण्याची कंपनीची हमी, हवी आहे. एका शिपिंग कंपनीची लेखी परीक्षा पास झालो, अकरा दिवसांनी मुंबईत इंटरव्ह्यू आहे. घरात मी सोडून कोणी समुद्र पाहिलेला नाही, आणि मीही एकदाच, शाळेच्या सहलीत. क्लासच्या सरांनी ‘व्हाय मर्चंट नेव्ही’चं उत्तर लिहून दिलंय, ते पाठ करतोय पण अर्ध्यात अडकतो. इंग्रजी समजतं, बोलताना त त प प होतं. वडिलांच्या कामाचं काय सांगू? मित्र म्हणतो ‘ॲग्री बिझनेस’ सांग. कोणी अशा इंटरव्ह्यूला बसलं असेल तर कृपया लिहा.

अमळनेरचा_सेकंड_ऑफिसर:
भो, तो कागद आजच बाजूला ठेव. माझे वडील बाजार समितीत हमाल. पहिल्या इंटरव्ह्यूत मी ‘ट्रान्सपोर्ट बिझनेस’ सांगितलं. समोरच्या कॅप्टननी लगेच विचारलं, गाड्या किती? माझ्या तोंडून शब्द फुटेना. निवड झाली नाही, वर्ष गेलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीत सरळ सांगितलं की वडील पोती उचलतात. तिथल्या साहेबांनी विचारलं, थप्पी कशी लावतात? खालचं पोतं फुटत का नाही, थप्पी कलू नये म्हणून काय करतात? हे मी लहानपणापासून बघत आलेलो. दहा मिनिटं त्यावरच बोललो, मोडक्या इंग्रजीत. माल कसा रचायचा, कसा बांधायचा हे डेक ऑफिसरचंच काम असतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

तू तर केळीवाला. आपल्या रावेर-सावद्याची केळी रीफर (आत थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमधून मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराला जातात, तिथून जहाजाने आखाती देशांत. आत साधारण १३ अंश ठेवतात. त्याखाली गेलं की साल काळवंडते, वर गेलं की माल वाटेतच पिकायला लागतो. जहाजावर अशा कंटेनरचा प्लग नीट आहे ना, तापमान किती दाखवतंय, हे आम्ही रोज फिरून बघतो आणि लिहून ठेवतो. तू जवळच्या पॅकहाऊसवर, म्हणजे केळी खोक्यांत भरतात तिथे, जा, कंटेनर भरताना शेवटपर्यंत उभा राहा. ‘मर्चंट नेव्ही का’ विचारलं तर जे बघशील त्यातूनच बोल.

फिजिक्सचं एक सांगतो, मला विचारलं होतं: जहाज नदीतून समुद्रात आलं तर वर उचलेल की आणखी बुडेल? उचलेल. गोड्या पाण्याची घनता १०००, समुद्राच्या पाण्याची साधारण १०२५ किलो प्रति घनमीटर. ग्लासभर पाण्यात अंडं टाक, तळाला बसेल. मीठ ढवळत जा, हळूहळू वर येतं. (घरात अंडं चालत नसेल तर बटाट्याची फोड घे.) आपली तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, उदाहरण तिचंच दे.

बाकी पाठांतर थोडंच आहे. पोर्ट म्हणजे डावी बाजू, दिवा लाल; स्टारबोर्ड उजवी, दिवा हिरवा. नॉटिकल मैल १८५२ मीटर. सुएझ कालवा सुरू झाला १८६९, पनामा कालवा १९१४, दोन्ही नकाशावर बोट ठेवून बघ. कॅडेटचं, म्हणजे जहाजावरच्या शिकाऊ ऑफिसरचं, काम विचारलं तर पांढऱ्या ड्रेसचं वर्णन करू नको. गंज खरवडणं, रंग देणं, दोर आवरणं, ऑफिसरबरोबर वॉच (पाळीची ड्युटी) करणं, हे सांग.

इंग्रजीसाठी एक सवय लाव. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, ‘स्टारबोर्ड टेन’ (सुकाणू उजवीकडे दहा अंश) अशी ऑर्डर आली की सुकाणूवरचा माणूस ती मोठ्याने परत म्हणतो, मग सुकाणू फिरवतो. तूही प्रश्न आधी परत म्हण, मग उत्तर दे. जीभ सुटते, विचारालाही क्षणभर मिळतो. येत नसेल तर ‘आय डोन्ट नो, सर’ म्हण. न समजता हो म्हणणारा माणूस जहाजावर जीवावर बेततो.

भुसावळची_आई:
बाळा, डोळे आधी तपासून घे. डेकला चष्म्याशिवाय नजर चांगली लागते, रंग ओळखण्याची चाचणीही असते. माझ्या मुलाचं डेक चष्म्यामुळेच हुकलं, मग तो इंजिन साइडला गेला, आता बरं चाललंय. आणि आम्हाला एकाचा फोन आला होता, दोन लाख द्या, नोकरी पक्की. सोनं मोडायची तयारी झाली होती आमची. नोकरी लावून देण्याचे पैसे कोणालाच घेता येत नाहीत. कंपनीचा आरपीएसएल नंबर (जहाजावर माणसं भरती करण्याचा सरकारी परवाना) डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या साइटवर बघा. स्पॉन्सरशिप मिळाली तरी कोर्सची फी बहुतेक आपल्यालाच भरावी लागते, त्याची तजवीज आत्ताच करा.

केळीचा_मळा:
दादा, काकू, खूप आभार. काल पॅकहाऊसवर गेलो. खोके भरून झाल्यावर दार लावलं, सुपरवायझरने सीलचा नंबर मोठ्याने वाचला, दुसऱ्याने तो परत म्हणत कागदावर लिहिला. कंटेनरच्या थंड करणाऱ्या यंत्रावर १३.२ अंश दिसत होतं. वडीलही आले होते. म्हणाले, तीस वर्षं केळी लावतोय, पुढे कुठे जातात ते आज बघितलं. डोळे उद्या जळगावला तपासतो. शर्ट पांढराच लागतो का?

अमळनेरचा_सेकंड_ऑफिसर:
पांढरा किंवा फिकट निळा, इस्त्रीचा. बूट काळे. भुसावळहून आदल्या दिवशीच नीघ, गाडीचा भरवसा धरू नको.