इंडस्ट्री-रेडी म्हणे! एकदा अंबडला येऊन बघा

अंबडचा_लेथवाला

परवा एका प्राध्यापक महाशयांची पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरत होती. सार असं की पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगचा 2024 पॅटर्न (नवा अभ्यासक्रम) आला, एआयचं मायनर (जोडविषय) आलं, इंटर्नशिपला क्रेडिट मिळायला लागले, पोरं इंडस्ट्री-रेडी होणार, तेव्हा नाशिकच्या कारखानदारांनी 'पोरांना काही येत नाही' हे रडगाणं आता थांबवावं. खाली टाळ्यांचा पाऊस. डोकं फिरलं म्हणून हा धागा.

माझं अंबडला, नाशिकच्या एमआयडीसीत, छोटं युनिट आहे. दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं, बाकी जुन्या लेथ, बावीस माणसं. गेल्या महिन्यात मेकॅनिकलचा एक पदवीधर मुलाखतीला आला. बायोडेटावर थ्रीडी मॉडेलिंगच्या सर्टिफिकेटांची रांग. मी समोर ड्रॉइंग ठेवलं, बोअर (भोक) 25 एच7. विचारलं, 'हे भोक नुसत्या ड्रिलने काढलं तर चालेल?' म्हणतो, 'सर, मॉडेलमध्ये 25 चं होल टाकलं की झालं.' अरे बाबा, 25 एच7 म्हणजे 25.000 ते 25.021 मिलिमीटर. एकवीस मायक्रॉनमध्ये सगळा खेळ. ड्रिल तेवढं धरत नाही. 24.7 चं मारून वर रीमर (भोक अचूक मापाला आणणारं हत्यार) फिरवायचा, नाहीतर बोअरिंग करायचं. हे ज्याला ठाऊक नाही तो एआयला तरी विचारणार काय?

आणि इंटर्नशिप म्हणाल तर पोरं येतात ती शिक्क्यासाठी. 'काका, रोज यायलाच पाहिजे का?' हा पहिला प्रश्न.

अस्थायी_मॅडम

ती पोस्ट माझी नाही आणि मला पटलेलीही नाही. पण दादा, 2024 पॅटर्नची पहिली बॅच बाहेर पडणार 2028 ला. तुमच्याकडे आलेला मुलगा जुन्या पॅटर्नचा. म्हणजे त्या सरांनी न जन्मलेल्या बाळाचं बारसं केलं, आणि तुम्ही त्याच बाळाला नापास करून मोकळे झालात.

लिमिट्स आणि फिट्स, म्हणजे मापात किती फरक चालतो ते, आम्ही शिकवतो. मी स्वतः शिकवते. पोरं टेबल पाठ करतात, पेपरात ओततात, विसरतात. का विसरतात ते सांगते. एका लेथभोवती आख्खी बॅच उभी असते, हात दोघांचे लागतात, बाकीचे जर्नल उतरवतात. पूर्वी 15 मुलांमागे एक शिक्षक लागायचा, 2018 ला एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) तो 20 मागे एक केला. मग 2024-25 पासून चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांच्या जागांवरची मर्यादाच उठवली. कॉलेजांनी काय केलं असेल? कॉम्प्युटर आणि एआयच्या तुकड्या वाढवल्या. त्याला लेथ लागत नाही, खोली आणि पीसी पुरतात. आमच्या वर्कशॉपच्या अर्ध्या शेडमध्ये आता एसी लॅब आहे.

आणि मी दिवसभर काय करते? सीओ-पीओ (कोर्स आणि प्रोग्रॅम आउटकम) मॅपिंग. कुठल्या प्रश्नाने कुठलं आउटकम किती टक्के साधलं, त्याच्या फायली. मूल्यांकन समितीचे लोक आले की फाइल बघतात, रीमर कोणी बघत नाही. हे सगळं अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, आणि पगार वेळेवर झाला तर पेढे वाटायचे.

हिंजवडी_रिटर्न

मूळ मुद्दाच चुकतोय. रीमर वगैरे ठीक आहे हो, पण आम्हाला सी प्रोग्रॅम कागदावर लिहायला लावायचे. सेमिकोलन राहिला की मार्क कट. कंपनीत गेलो तर कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट म्हणजे काय ते माहीत नाही. कॉलेजं बंद करा, सगळं यूट्यूबवर आहे.

अंबडचा_लेथवाला

@हिंजवडी_रिटर्न यूट्यूब बघून व्हीएमसीवर टूल ठोकणारे आमच्याकडे येऊन गेलेत. स्पिंडलचं बिल पाठवू का?

तिसरं_वर्ष_मेक

काका, शिक्क्याबद्दल मी बोलतो. आम्ही जुन्या 2019 पॅटर्नवाले. मागच्या सुट्टीत सिन्नरच्या एका कारखान्यात इंटर्नशिप केली. सकाळी पंचवटीतून सीबीएस स्टँड, तिथून सिन्नरची बस, पुढे शेअर रिक्षा. सगळा खर्च घरचा. काम काय? पहिल्या दिवशी हातात कानस दिली आणि कास्टिंगची बर (कडांना उरलेले कंगोरे) काढायला बसवलं. शेवटच्या दिवशीही तेच. सीएनसीजवळ गेलो तर ऑपरेटर म्हणाला, 'साहेबांनी नाही सांगितलंय.' पैशाचं विचारलं तर मालक म्हणाले, 'अनुभव मिळतोय ना?'

आता तुम्हीच सांगा, पुढच्या वेळी मी शिक्का मागू नको तर काय मागू? आणि तुम्ही इंटर्नला किती देता?

अंबडचा_लेथवाला

शिकायला येता आणि वर पैसे मागता! आमच्या वेळी उस्तादाच्या शिव्या खाऊन शिकलो. तू एक पीस स्क्रॅप केलास तर मटेरियल माझं, इन्सर्ट (मशीनचं कापायचं पातं) माझं, मशीन थांबलं तर तेही माझंच. अनुभव मिळतो तो फुकट नसतो.

तिसरं_वर्ष_मेक

म्हणजे काही देत नाही. एवढंच लिहायचं होतं.

ओझरकर_निवृत्त

लेथवाले, उस्तादाच्या शिव्या मीही खाल्ल्या, पण महिन्याला स्टायपेंड घेऊन. ॲप्रेंटिस कायदा 1961 चा आहे, काल-परवाचा नाही. 2019 च्या नियमांत पदवीधर शिकाऊला किमान 9,000 आणि डिप्लोमावाल्याला 8,000 ठरले. नॅट्स या केंद्राच्या शिकाऊ योजनेतून घेतलात तर त्या किमान रकमेतला अर्धा वाटा केंद्र सरकार उचलतं. 30 किंवा जास्त माणसं असली की सक्ती आहे. तुमची 22, म्हणजे तुम्हाला ऐच्छिक. पण घेता येतात. किती घेतलेत?

ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात ऑक्टोबर 2025 मध्ये इथल्या लाइनवरचं पहिलं तेजस लढाऊ विमान उडालं. त्याचे छोटे पार्ट उद्या अंबड-सातपूरलाच करायचे म्हणाल तर माणसं कुठून आणणार? आकाशातून?

अंबडचा_लेथवाला

ओझरकर, सरकारी पगारावर बसून कायदा सांगणं सोपं असतं. ते पोर्टल उघडून बघा एकदा. शिवाय तुम्ही सांगताय ते पास झालेल्यांचं, हा पोरगा तिसऱ्या वर्षाला आहे. आणि समजा घेतला, वर्षभर शिकवला, की दोन हजार जास्त मिळतात म्हणून चाकणला पळतो. दोनदा पोळलोय. माझं पेमेंट वरची कंपनी नव्वद दिवसांनी देते, त्याला कुठला कायदा?

ओझरकर_निवृत्त

पेमेंटचं मान्य. पण दोन हजारांनी माणूस पळतो याचा अर्थ तुम्ही दोन हजार कमी देत होतात.

क्वालिटीवाली_डिप्लोमा

सगळे एच7 एच7 करताय म्हणून लिहिते. मी दिवसाला शेकड्याने तेच बोअर तपासते. प्लग गेजची (भोक तपासायच्या दांड्याची) गो बाजू आत गेली पाहिजे, नो-गो अडकली पाहिजे. एवढं मला शिकवायला आमच्या सुपरवायझरला एक दुपार लागली. चार वर्षांची पदवी नाही लागली आणि एआय तर नाहीच नाही. जे तुम्ही एका दुपारी शिकवू शकता त्यासाठी पोराला मुलाखतीत हाकलता?

आणि एक. माझ्या बॅचला आठ मुली होत्या. इंटर्नशिपसाठी अंबड पालथं घातलं. 'मुलींना शॉपवर घेत नाही, लेडीज टॉयलेट नाही.' मला जिथे घेतलं तिथे पहिले दोन महिने शेजारच्या ऑफिसात जावं लागायचं. लेथवाले दादा, तुमच्याकडे आहे?

अंबडचा_लेथवाला

धागा कशाचा, चाललंय काय!

क्वालिटीवाली_डिप्लोमा

म्हणजे नाही.

हिंजवडी_रिटर्न

🍿

अस्थायी_मॅडम

@क्वालिटीवाली एका दुपारचं पटलं, पण अर्धंच. गेज लावायला दुपार पुरते. नो-गो बाजूही बोअरमध्ये जायला लागली तर रीमर वाकडा फिरतोय, की स्पिंडल हलतंय, की जॉब गरम असताना मोजला, हे ओळखायला जे लागतं ते आम्ही शिकवायचं असतं. ते नीट होत नाही हे मी कबूल करते. फायलीत मात्र 82 टक्के साध्य झालंय.

अंबडचा_लेथवाला

बरं. टॉयलेटचं बोललात ते बरोबर आहे, मागच्या बाजूला जागा आहे, बघतो. पोराला बसभाडं आणि जेवण देईन, पण ज्याला खरंच शिकायचंय त्यालाच. स्टायपेंडचा विचार करू. झालं समाधान? पण ड्रॉइंग वाचता न येणाऱ्याला इंजिनिअर म्हणणार नाही म्हणजे नाही.

अस्थायी_मॅडम

मग तुम्हीच या की शिकवायला. चेष्टा नाही करत. यूजीसीने 2022 ला 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची सोय केली आहे. पीएचडी लागत नाही, 15 वर्षांचा अनुभव लागतो. तुमच्याकडे तो नक्की असेल. शनिवारी दोन तास, तुमचीच ड्रॉइंगं घेऊन. प्राचार्यांशी मी बोलते.

अंबडचा_लेथवाला

येईन. युनिट सोडून यायचं म्हणजे मला खाडा पडतो, पण येईन. तासाला मानधन किती देतात?

तिसरं_वर्ष_मेक

अनुभव मिळतोय ना, काका?