बर्लिनचं ते ‘सोनेरी’ दशक खरंच सोनेरी होतं का?

निशाचर: हल्ली ज्याला बघावं तो 1920 च्या दशकातल्या बर्लिनच्या प्रेमात. कॅबरे, जॅझ, पहाटेपर्यंत नाच, काय ते स्वातंत्र्य वगैरे. अहो पण हे परवडत होतं कुणाला? 1923 च्या नोव्हेंबरात एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क मोजावे लागत होते, लोकांच्या जन्मभराच्या ठेवींची रद्दी झालेली, आणि आपण म्हणायचं सोनेरी! माझं मत सरळ आहे, मूठभरांची चैन होती ती आणि नंतरच्यांनी सिनेमे काढून तिला मुलामा दिलाय. बाकीच्यांना आपला रेडिओ नि एखादा पिक्चर.

तिरकस तै: ‘रेडिओ नि एखादा पिक्चर’ म्हणून जे उडवून लावताय ना, तीच तर मजा होती त्या काळाची. 1918 च्या शेवटी आठ तासांचा दिवस मिळाला म्हणून कामगाराच्या वाट्याला संध्याकाळ तरी आली. स्पोर्टपालास्ट या बर्लिनच्या मोठ्या बंदिस्त स्टेडियममधे सहा दिवस चालणारी सायकल रेस असायची, खाली शॅम्पेनवाले आणि वर स्वस्तातल्या गॅलरीत शिट्ट्या मारणारं पब्लिक, एकाच छपराखाली. आणि नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार वाइल यांचा थ्री पेनी ऑपेरा हा नाटक-गाण्यांचा खेळ 1928 चा, धो धो चालला तो, गाणी रस्त्यावर म्हणायचे लोक. पुलंचा ‘तीन पैशाचा तमाशा’ त्याच्यावरूनच आलाय. मार्लीन डीट्रिच या नटीचा ब्लू एंजल हा सिनेमा (1930) पण हिटच, शांतारामबापूंचा ‘पिंजरा’ बघितला असेल तर मास्तरची गोष्ट ओळखीची वाटेल. मूठभरांची चैन असती तर इथपर्यंत पोचली असती का?

बोरकूट: +1. पण तै, मेट्रोपोलिस हा सिनेमा पडला होता हेही सांगा की 😀

निशाचर: तेच म्हणतो! 1927 च्या त्या मेट्रोपोलिसवर सुमारे 50 लाख मार्क उधळले, आधीच कर्जात असलेल्या उफा या सिनेमा कंपनीची पाठच मोडली आणि ती गेली कुणाच्या घशात, तर ह्युगेनबर्ग या उजव्या वृत्तपत्रसम्राटाच्या, जो पुढे 1933 ला हिटलरच्या पहिल्या मंत्रिमंडळात बसला. आणि ते स्वातंत्र्य किती तकलादू बघा, डिसेंबर 1930 मधे ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट हा युद्धविरोधी सिनेमा लागला तर नाझी नेता गोबेल्सच्या पोरांनी थिएटरात पांढरे उंदीर सोडले, स्टिंक बॉम्ब फोडले, आणि आठवड्याभरात बंदी कुणावर? सिनेमावर! हिटलर यायला अजून दोन वर्षं होती, बंदी लोकशाहीवाल्या सरकारच्या सेन्सॉरनेच घातली.

तिरकस तै: अहो पण उंदीर सोडायची पाळी आली ती लोक तिकीट काढून बघायला आले म्हणूनच ना? रिकाम्या थिएटरात कोण कशाला उंदीर सोडेल. सरकार घाबरट होतं हे मान्य, त्याचं खापर प्रेक्षकांवर कशाला?

निशाचर: प्रेक्षक बर्लिनचे हो. शहर 40 लाखांचं, देश सहा कोटींच्या वर. जुलै 1932 ला नाझींना 37 टक्के मतं देणारे बाकीचेही होतेच की, त्यांची करमणूक काय होती यावर कुणी सिरीज काढत नाही.

पिंजऱ्याचं मात्र माहीत नव्हतं, आज रात्री परत बघतो.