बारावीनंतर थेट पाच वर्षांची सायबर सिक्युरिटी: जरा दमानं घ्या

कळफलक:
कालच्या करिअरच्या धाग्यावर एका सभासदाने लिहिलंय, "बारावी झाली की सरळ पाच वर्षांचं बीटेक-एमटेक सायबर सिक्युरिटी घ्या. दोन पदव्या, एक वर्ष वाचतं, गेटची, म्हणजे एमटेकच्या प्रवेशपरीक्षेची, कटकट नाही. ज्यांना कळत नाही ते साध्या कॉम्प्युटरला जातात." खाली +1 ची रांग. मी साध्या कॉम्प्युटरवाला. तेरा वर्षं सिक्युरिटीच्याच कामात आहे, पुण्यात मुलाखती घेतो. तिथेच प्रतिसाद लिहायला बसलो, तो लांबला, म्हणून वेगळा धागा.

गेल्या महिन्यात अशाच कोर्सचा एक मुलगा मुलाखतीला आला. सीव्हीवर अकरा टूल्स, दोन सर्टिफिकेटं. कागद पुढे सरकवला आणि म्हटलं, 16 बाइटचं बफर (मेमरीतली ठरलेली जागा) आहे, त्यात स्ट्रकॉपीने (लांबी न तपासता कॉपी करणारं सीचं फंक्शन) 40 बाइट ओतले. उरलेले 24 कुठे गेले, चित्र काढ. तो म्हणाला, "सर, एरर येईल." कुठून येईल? "सिस्टिम देते ना." मग बराच वेळ पेनचं टोपण काढ, घाल. स्टॅकवर (चालू फंक्शनच्या मेमरीत) बफरच्या पुढे परतीचा पत्ता, म्हणजे काम संपल्यावर प्रोग्रामने कुठे जायचं ते, ठेवलेला असतो आणि जास्तीचे बाइट त्यावर जातात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बर्प सूट (वेबसाइटची सुरक्षा तपासायचं टूल) मात्र माझ्यापेक्षा सफाईने चालवत होता.

कॉसमॉस बँकेचं आठवा. ऑगस्ट 2018, 94 कोटी गेले, त्यातले बहुतेक 28 देशांतल्या एटीएममधून. चोरांनी मध्ये बनावट स्विच (एटीएमच्या विनंत्या बँकेकडे नेणारी यंत्रणा) उभा केला होता. पैसे काढायची विनंती कोअर बँकिंगपर्यंत (खाती सांभाळणाऱ्या मुख्य सिस्टिमपर्यंत) जायच्या आधीच तो "मंजूर" सांगून मोकळा व्हायचा. हे ओळखायचं तर स्विच आणि बँकिंग सिस्टिम एरवी एकमेकांशी काय बोलतात ते ठाऊक हवं.

तेव्हा आधी ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, कंपायलर नीट करा, दोन वर्षं नोकरीत घासा, मग ठरवा राखण कशाची करायची ते. सतराव्या वर्षी पाच वर्षांचा करार कशाला?

दुहेरी_पदवी:
मी अशाच कोर्सच्या पाचव्या वर्षाला आहे. तुम्ही एकाही कोर्सचा अभ्यासक्रम उघडून पाहिलेला दिसत नाही. आमची पहिली दोन वर्षं डेटा स्ट्रक्चर, ओएस, नेटवर्क, डिस्क्रीट मॅथ्स अशीच गेली, तुमच्यासारखीच. मालवेअर, फॉरेन्सिक, क्रिप्टोग्राफी सगळं तिसऱ्या वर्षापासून. एक मुलगा नापास झाला म्हणून अख्ख्या कोर्सला फाशी?

पाचव्या वर्षात मी काय केलं ते सांगते. बाजारात मिळणारा स्वस्तातला सीसीटीव्ही कॅमेरा उघडला. बोर्डवर चार बारीक ठिपके होते. त्यातले डेटा पाठवायचा, घ्यायचा आणि ग्राउंडचा कोणता ते मल्टिमीटरने शोधून तीन तारा डकवल्या, कॉम्प्युटरला जोडून सेकंदाला 115200 बिटांचा वेग लावला, आणि स्क्रीनवर बूट होताना सगळं धडाधडा दिसायला लागलं. मग फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) काढून घेतलं. रूटचा (सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड आतच होता, आणि त्या मॉडेलच्या मी घेतलेल्या सहाही कॅमेऱ्यांत तोच. हे ऐकायला एका दुपारचं वाटतं. दहा महिने लागले. चार वर्षांच्या बीटेकला हे दहा महिने कुठून आणणार?

सदाशिवपेठी:
चार वर्षांच्या बीटेकला दहा महिने कशाला लागतात? प्रोजेक्ट विकत मिळतो, काळ्या बाइंडिंगसकट, सोनेरी अक्षरांसकट.

आणि सिक्युरिटी राहू द्या बाजूला, आमच्या चिरंजीवांच्या कॉलेजात 2025 साली टर्बो सी, म्हणजे सी भाषेचं डॉसच्या जमान्यातलं सॉफ्टवेअर, चालू आहे. निळा स्क्रीन. वर जर्नल हाताने लिहायचं, डाव्या पानावर पेन्सिलने फ्लोचार्ट. परवा रात्री दोनला मी बापमाणूस त्याचे फ्लोचार्टचे चौकोन आखत होतो.

कळफलक:
अगदी! टर्बो सीवाले मुलाखतीत छातीठोकपणे सांगतात की इंट (सीमधला पूर्णांक) दोन बाइटचा असतो, आजकाल तो चारचा असतो हे त्यांच्या गावीही नाही. मुलं सिक्युरिटीत कच्ची का, तर त्याचं मूळ इथे.

खडू_आणि_फळा:
टर्बो सीवर घसरलाच आहात तर ऐका. मी शिकवतो, तासिका तत्त्वावर. नेटवर्क सिक्युरिटीसह चार विषय माझ्या गळ्यात. दिवाळीचं मानधन होळीला मिळालं. टर्बो सी अभ्यासक्रमात कुठेही लिहिलेला नाही. तो आहे कारण लॅबमधली मशीन जुनी आहेत आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना तोच येतो. मी दोन वर्षांपूर्वी लिनक्स टाकलं, तर परीक्षकांनी विचारलं, "निळा स्क्रीन कुठाय?" जर्नल हाताने लिहून घेतो कारण टाइप केलेलं एकाचं सत्तर जण छापून आणतात. हाताने निदान एकदा डोळ्यांखालून जातं.

आता गंमत सांगतो. तुमचा तो 16 बाइटचा प्रश्न नव्या जीसीसीवर (आजच्या सी कंपायलरवर) दाखवायला गेलो, तर परतीच्या पत्त्याआधी ठेवलेला पहारेकरी आकडा, म्हणजे कॅनरी, बिघडल्याचं पाहून "स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड" म्हणून प्रोग्राम तिथेच बंद. त्या मुलाचं "एरर येईल" अगदीच चूक नव्हतं. टर्बो सीत असलं कुठलंच कुंपण नाही. परतीचा पत्ता खरोखर तुडवला जातो आणि मशीन लटकतं. पोरं टाळ्या वाजवतात.

कळफलक:
सर, म्हणजे टर्बो सी हे सायबर सिक्युरिटीचं साधन! धन्य. (ती एररची गोष्ट बरोबर आहे, मान्य. पण कोण देतं आणि का, ते त्याला सांगता आलं नाही.)

सदाशिवपेठी:
अवांतर: 1988 साली इंटरनेटवर आपोआप पसरणारा मॉरिस वर्म फिंगर डीमन नावाच्या सर्व्हर प्रोग्राममधल्या याच बफरच्या चुकीतूनही शिरला होता. लिहिणारा कॉर्नेलचा विद्यार्थी, कॉम्प्युटर सायन्सचा. सायबर सिक्युरिटीच्या पदवीवाचून त्याचं काही अडलं नाही.

दुहेरी_पदवी:
वर्म सोडून शिक्षा झालेला माणूस आदर्श म्हणून दिलात. छान.

संत्रानगरी:
तुम्ही स्टॅक भरा, मी पैशाचं बोलतो. गेट देऊन वेगळं एमटेक केलं तर महिना 12,400 विद्यावेतन. दोन वर्षांचे 2,97,600. पाच वर्षांच्या कोर्सात शेवटच्या वर्षी विद्यावेतन आहे की उलट फीच आहे, हे भरती होण्याआधी लेखी विचारा. "एक वर्ष वाचतं" म्हणणारे हा हिशोब कधी मांडत नाहीत.

दुसरं, पदवीचं नाव. माझा भाचा एका सरकारी भरतीत कागदपत्रं तपासायला गेला. जाहिरातीत "संगणक किंवा माहिती तंत्रज्ञान". याच्या पदवीवर कंसात सायबर सिक्युरिटी. खिडकीतल्या बाबूने कंसावर बोट ठेवलं, "हे वेगळं आहे." समकक्षतेचं पत्र आणा. ते यायला सात आठवडे, यादी लागली चौथ्या आठवड्यात. बाबूला तुमचा कॅमेरा दाखवून बघा.

टेक्सासकर:
इकडे 4+1 मध्ये (चार वर्षं पदवी, एक वर्ष मास्टर्स) मास्टर्सचे काही विषय दोन्ही पदव्यांना धरतात, म्हणून वर्ष वाचतं. जादू काही नाही. आणि ज्यांच्या पोरांना हे करून अमेरिकेत यायचंय त्यांनी ध्यानात ठेवा, सायबरकॉर्पची (अमेरिकी सरकारची सायबर सिक्युरिटीसाठीची) शिष्यवृत्ती नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच. मी हे इथे आल्यावर वाचलं.

कळफलक:
संत्रानगरींचा मुद्दा मी मांडायला हवा होता. ताई, कॅमेऱ्याचं काम चांगलं आहे, पण ते हौसेनेही करता येतं. आमच्या टीममधला एक जण सुट्टीच्या दिवशी करतो. त्यासाठी पदवी...

दुहेरी_पदवी:
ताई म्हणू नका, तुम्ही माझ्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी मोठे असाल. हौसेने फर्मवेअर उघडता येतं. सापडलेली गोष्ट कंपनीला कशी कळवायची, कुठपर्यंत गेलं की आयटी कायद्याच्या कलम 66 मध्ये (परवानगीवाचून सिस्टिममध्ये शिरल्याच्या गुन्ह्यात) अडकतो, हे मला वर्गात शिकवलं. तुमच्या टीमला विचारा बरं, घटना घडल्यावर सर्ट-इनला (सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी संस्थेला) किती तासांत कळवायचं? लॉग (सिस्टिमच्या नोंदी) किती दिवस ठेवायचे?

कळफलक:
6 तास, 180 दिवस. 2022 पासून.

दुहेरी_पदवी:
तुम्हाला नाही विचारलं. टीमला विचारा म्हटलं.

कळफलक:
विचारलं. सहापैकी दोघांना आलं. एक जण 72 तास म्हणाला, तो युरोपच्या क्लायंटवर असतो, तिकडचा नियम तो. झालं समाधान?

बरं, पाचवं वर्ष खरं असेल, म्हणजे हातात वस्तू, डोक्यावर गाइड आणि दहा महिने मोकळे, तर त्याला माझी हरकत नाही. पण अशी वर्षं किती कॉलेजांत आहेत? बाकी ठिकाणी चौथ्या वर्षाचा काळ्या बाइंडिंगचा प्रोजेक्टच पाचव्या वर्षी जाड होतो. सीव्ही पाठवायचा तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. स्टॅकचं चित्र काढायला लावेन.

दुहेरी_पदवी:
काढेन. कॅनरीसकट.

सदाशिवपेठी:
ते सगळं ठीक, पण टर्बो सीचं काय ठरलं? उद्या पुन्हा सबमिशन आहे.

खडू_आणि_फळा:
@दुहेरी_पदवी, त्या तीन तारांचा फोटो टाकता का? सोमवारी प्रॅक्टिकल आहे. कॅमेरा मी घरचा आणतो, बायकोला सांगितलेलं नाही.

दुहेरी_पदवी:
फोटो रात्री टाकते सर. यूएसबीचा अडॅप्टर 3.3 व्होल्टचा घ्या, 5 चा नको. मी एक बोर्ड जाळलाय.